संहिता, प्रयोग आणि तबकडी : बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची काही ध्वनिमुद्रणे

साहित्यकृतीचे वाचन ही क्रिया आपल्यामागे स्वतःची खूण ठेवत नाही. एखादे नाटक किंवा महाकाव्य विशिष्ट वर्षी, विशिष्ट शहरात, विशिष्ट वाचकाच्या मनात कसे उलगडले याचा प्रत्यक्ष पुरावा कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. सापडतात ती परीक्षणे, पत्रे, भाषांतरे, समासातील टिपा. हान्स रोबर्ट याउस यांनी साहित्येतिहासाला 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना दिली खरी, पण ते क्षितिज प्रत्येक वेळी अशा परोक्ष साधनांवरून अनुमानानेच उभे करावे लागते. पाश्चात्त्य अभिजात संगीताची स्थिती या बाबतीत वेगळी आहे. तेथे लिखित संहिता आहे आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या संहितेच्या वाचनाची क्रियाच ध्वनिरूपाने साठवली गेली आहे. एकाच सिंफनीची निरनिराळी ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकणे हा हौशी संग्राहकांच्या आवडीनिवडीचा खेळ मानला जातो, आणि बऱ्याच अंशी तो तसा असतोही. परंतु अन्वयार्थाचा प्रश्न गंभीरपणे घेणाऱ्या साहित्यविचाराने या साठ्याकडे पाठ फिरवावी, हे काहीसे चमत्कारिक आहे.

येथे प्रारंभीच एक सावधगिरी आवश्यक ठरते. मराठी अभ्यासकाला अशा प्रसंगी ख्यालगायनातील बंदिशीची उपमा चटकन सुचते. ती उपमा दिशाभूल करणारी आहे. बंदिश ही विस्तारासाठीच असते. दोन गायकांनी ती एकसारखी गायिली तर त्यांपैकी एकाविषयी शंका घेतली जाते. सिंफनीच्या स्वरलिपीत प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर, त्याची लांबी, बहुतेक ठिकाणी त्याचा जोरही लिहिलेला असतो. नेल्सन गुडमन यांनी तर १९६८च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, एक स्वर जरी चुकला तरी तो त्या कृतीचा प्रयोग म्हणता येणार नाही. हे मत टोकाचे आहे, आणि गुडमन यांच्या कसोटीने या लेखातील जुने एकही ध्वनिमुद्रण टिकणार नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सिंफनीच्या दोन प्रयोगांतील भेद हा लिहिलेल्या गोष्टींमधल्या फटीत राहतो. म्हणून तो नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांतील भेदाला अधिक जवळचा आहे, आणि नाटकापेक्षाही येथील फट अरुंद आहे. अर्थाचा सगळा झगडा त्या अरुंद फटीत चालतो.

बेथोव्हनची सी मायनरमधील पाचवी सिंफनी (ओपस ६७) येथे उदाहरणादाखल घेतली आहे, ती तिच्या अतिपरिचयामुळेच. तिचा पहिला प्रयोग २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातील 'थिएटर आन डेर वीन'मध्ये झाला. कडाक्याची थंडी, चार तास चाललेला कार्यक्रम, अपुऱ्या तालमी, त्याच संध्याकाळी सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कन्चेर्टोही. शेवटच्या 'कोरल फँटसी'त तर वाद्यवृंद कोलमडला आणि पुन्हा आरंभ करावा लागला. म्हणजे प्रथम प्रयोगाला प्रामाण्य द्यावे असा मार्गही येथे खुला नाही. दीड वर्षानंतर, १८१० साली, ई. टी. ए. हॉफमन यांनी लिहिलेल्या दीर्घ परीक्षणातून या कृतीला रोमँटिक कलाविचाराचे आदर्श उदाहरण म्हणून स्थान मिळाले, आणि तेव्हापासून तिच्यावर अर्थांची पुटे चढत गेली.

या पुटांचे स्वरूप पहिल्या पाच बारांतच तपासता येते. सर्व तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट एकस्वरात तीन आखूड स्वर आणि एक लांब स्वर वाजवतात, लांब स्वरावर फर्माटाचे चिन्ह आहे, म्हणजे तो किती काळ धरायचा हे संचालकाने ठरवायचे. मग तीच आकृती एक पायरी खाली. पहिल्या बारची पहिली मात्रा रिकामी आहे. सुरुवात स्वराने नव्हे तर मौनाने होते, आणि ते मौन ऐकू येत नसल्यामुळे अनभिज्ञ श्रोत्याला या तीन स्वरांचे वजन कोठे पडते हेच कळत नाही. शिवाय दुसरा लांब स्वर पहिल्यापेक्षा एका बारने अधिक लांब आहे. हा जादा बार बेथोव्हनने मागाहून घातला. ज्या स्वराची लांबी संचालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे त्याला आणखी एक बार जोडण्याचे प्रयोजन काय? संहितेतील अशा एका खुणेपाशी येऊन संचालकांचे दोन तट पडतात.

एका तटाची वंशावळ रिखार्ड वाग्नर यांच्यापासून सुरू होते. संचालनकलेवरील १८६९च्या निबंधात त्यांनी, जणू खुद्द बेथोव्हन थडग्यातून संचालकाला बजावतो आहे अशी कल्पना करून, हे फर्माटे दीर्घ आणि भयकारी असले पाहिजेत असे मांडले. त्यामागे आंटोन शिंडलर यांनी आपल्या १८४०च्या चरित्रग्रंथात सांगितलेली, नियती दार ठोठावते आहे ही आख्यायिका उभी होती. शिंडलर यांच्या विश्वासार्हतेविषयी आता फारसे बोलण्याची गरज नाही. बेथोव्हनच्या संभाषणवह्यांत त्यांनी मागाहून बनावट नोंदी घुसडल्याचे १९७०च्या दशकात सिद्ध झाले. पण बेथोव्हनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनी याच स्वराकृतीचा उगम एका रानपाखराच्या, यलोहॅमरच्या, आवाजात सांगितला होता, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. पुढे जॉन एलियट गार्डिनर यांनी केरुबिनीच्या एका फ्रेंच क्रांतिगीताशी तिचे नाते जोडले. नियती, पक्षी, क्रांतीची शपथ: तीन कथा. या तिन्ही कथा संहितेबाहेरच्या आहेत. पण प्रत्येक कथा लय बदलते. नियतीला घाई नसते. पाखरू मंद लयीत गात नाही. जमावाची शपथ तर चालत्या पावलांवर घ्यावी लागते. 'हेतूचा तर्कदोष' सांगणाऱ्या विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी बाह्य पुरावा बाजूला ठेवण्याचा आग्रह धरला होता. येथे असे दिसते की, तो बाजूला ठेवला तरी कानांतून तो परत येतो, कारण कोणती तरी लय निवडल्यावाचून एक स्वरही वाजवता येत नाही.

आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मनिककडून १९१३ साली करवून घेतलेले ध्वनिमुद्रण हे या सिंफनीच्या पूर्ण ध्वनिमुद्रणांपैकी अगदी आरंभीचे. वादक कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसलेले, वाद्यवृंद छाटलेला, खालचे स्वर जवळजवळ नाहीसे झालेले, आणि सुमारे साडेचार मिनिटांनी तबकडीची बाजू संपलेली. आज ते ऐकणे म्हणजे झिजलेला शिलालेख वाचणे आहे. तरीही वाचता येते. पहिली स्वराकृती मुख्य लयीपेक्षा स्पष्टपणे संथ घेतली आहे, जणू ती खंडाचा भाग नसून त्याच्या दारावरचे बोधवाक्य आहे. मग लय पुढे सरकते. दुसऱ्या खंडात व्हायोलिन एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. आपल्या कानाला ती मींड वाटते, तत्कालीन बर्लिनला ते साधे शिष्टाचाराचे वादन वाटत होते. येथे मुद्रणाचे तंत्र स्वतःच अन्वयार्थ करते, हेही ध्यानात घ्यावे लागते. बाजू संपण्यापूर्वी वाक्य संपवायचे, ही सक्ती कोणत्याही सौंदर्यशास्त्राने घातलेली नव्हती. थिओडोर आडोर्नो यांनी १९४१ साली नभोवाणीवरील सिंफनीविषयी लिहिताना, यंत्रातून येणारी सिंफनी सलग न राहता तुकड्यांची आणि अवतरणांची मालिका बनते अशी तक्रार केली होती. नभोवाणीपेक्षा तबकडीला ती अधिक लागू पडते.

निकिश यांच्यानंतर त्याच वाद्यवृंदाची सूत्रे १९२२ साली विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांच्याकडे आली. त्यांनी पाचवी सिंफनी अनेकदा मुद्रित केली किंवा ती त्यांच्या मैफलींतून मुद्रित झाली. त्यांपैकी दोन मुद्रणे येथे महत्त्वाची: जून १९४३ आणि मे १९४७. फुर्टव्हेंगलर यांनी या खंडाच्या आरंभावर स्वतंत्र लेखही लिहिला. तो जादा बार हाच त्यांचा पुरावा होता. दुसरा फर्माटा मुद्दाम लांबवला आहे याचा अर्थ हे पाच बार उरलेल्या खंडापासून वेगळे, शीर्षस्थानी ठेवलेले आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे ज्या वाचनाला सर्रास 'स्वैर' म्हटले जाते त्याच्या मुळाशी संहितेचे बारकाईचे वाचन आहे. १९४७च्या मुद्रणात पहिला आघात नेमका एकत्र पडत नाही. वाद्यवृंद एखाद्या जड दरवाजासारखा उघडतो. पुढे लय आशयाप्रमाणे ताणली आणि सैलावली जाते, दुसऱ्या स्वरकल्पनेपाशी ती उघडच विसावते. पहिला खंड आठ मिनिटांच्या आसपास जातो.

परंतु या दोन मुद्रणांविषयी बोलताना केवळ लयीविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४१पासून बीबीसीने या सिंफनीच्या पहिल्या चार स्वरांची लय विजयाची खूण म्हणून युरोपभर प्रसारित केली, कारण मोर्स लिपीत तीन टिंबे आणि एक रेघ म्हणजे 'व्ही' हे अक्षर. जून १९४३मध्ये बर्लिनच्या श्रोत्यांसमोर फुर्टव्हेंगलर तेच स्वर वाजवत होते. ज्या फिलहार्मनी सभागृहात हे घडले ते जानेवारी १९४४च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले; ध्वनिफिती युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेल्या. आणि त्याच १९४३च्या सप्टेंबरात, इटलीने शरणागती पत्करल्यावर, न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो तोस्कानिनी यांनी एनबीसीच्या खास प्रक्षेपणात या सिंफनीचा फक्त पहिला खंड वाजवला. पूर्ण कृती त्यांनी राखून ठेवली ती जर्मनीच्या पाडावानंतरच्या १९४५च्या मे महिन्यासाठी.

तोस्कानिनींचे हे वर्तन त्यांच्या ख्यातीशी विसंगत आहे आणि म्हणूनच बोलके आहे. संहितेवर बाहेरचा अर्थ न लादणारा संचालक अशी त्यांची प्रतिमा. 'एरोइका'त इतरांना नेपोलियन दिसतो, आपल्याला केवळ लयीची सूचना दिसते, अशा आशयाचा त्यांचा उद्गार प्रसिद्ध आहे. १९५२चे त्यांचे कार्नेगी हॉलमधील मुद्रण ऐकताना ही प्रतिमा पटते. आरंभीची स्वराकृती खंडाच्याच लयीत, फर्माटे आखूड, प्रत्येक आघात सुरीसारखा. १९३९च्या मुद्रणात एनबीसीच्या कोरड्या, प्रतिध्वनिहीन स्टुडिओने या वाचनाला आणखी धार दिली होती. पण ज्याने अर्थ लावायचा नाही असे ठरवले त्यानेच इतिहासाच्या एका क्षणी या कृतीचे दोन भाग करून तिला युद्धवार्ता बनवले. 'वस्तुनिष्ठ' वाचन आणि 'आत्मनिष्ठ' वाचन अशी जी सोयीची विभागणी तोस्कानिनी आणि फुर्टव्हेंगलर यांच्या नावांनी केली जाते, ती या एका घटनेपुढे टिकत नाही. दोघेही अर्थ लावत होते. एक तबकडीत, दुसरा कार्यक्रमपत्रिकेत.

मात्र यातून निघणारा प्रश्न अधिक अवघड आहे. १९४३च्या मुद्रणातली जी भेदकता श्रोत्याला जाणवते ती ध्वनीत आहे, की वेष्टनावर छापलेल्या तारखेत? जेरार ज्युनेत यांनी ग्रंथाचे शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ यांना संहितेचा उंबरठा म्हटले. तबकडीच्या वेष्टनावरची तारीख हा तसाच उंबरठा आहे. तारीख पुसून हे मुद्रण ऐकवले तर? शुद्धतावादी समीक्षक म्हणेल की तसेच ऐकवावे. ही भूमिका कवितेच्या बाबतीत समर्थनीय असेल. येथे ती चुकते. कवितेची संहिता तारखेवाचून उभी राहू शकते, कारण ती कुठल्याही एका वाचनाशी बांधलेली नसते. ध्वनिमुद्रण हे मुळातच एका दिवशी, एका सभागृहात घडलेल्या कृत्याचा ठसा आहे. तारीख त्याच्या बाहेर नाही. अर्थात, तारीख माहीत असल्यामुळे जे तेथे नाही तेही ऐकू येण्याचा धोका राहतोच. १९४३च्या वादनात काहींना प्रतिकार ऐकू येतो, काहींना शरणागती, आणि दोन्ही पक्ष त्याच टिंपनीच्या आघातांकडे बोट दाखवतात. टिंपनी यांपैकी काहीच सिद्ध करत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, फुर्टव्हेंगलर राहिले आणि वाजवत राहिले. एरिख क्लायबर यांनी १९३४च्या अखेरीस बर्लिन ऑपेराचा राजीनामा दिला आणि ते निघून गेले. त्यांनी १९५३ साली आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाबरोबर केलेले याच सिंफनीचे ध्वनिमुद्रण ताठ, स्वच्छ आणि अलंकारहीन आहे. त्या ताठपणात नैतिकता ऐकण्याचा मोह आवरला पाहिजे, हे सांगताना तो आवरणे किती कठीण आहे हेही मान्य करावे लागते.

मे १९४७मध्ये नाझीवादाच्या आरोपांतून मुक्त झाल्यावर फुर्टव्हेंगलर बर्लिनमध्ये परतले. कार्यक्रम संपूर्ण बेथोव्हनचा: 'एग्माँट'ची प्रस्तावना, सहावी सिंफनी, पाचवी सिंफनी. या मैफलींतील वादन अनेकांना या कृतीचे सर्वश्रेष्ठ वादन वाटते. तसे का वाटते हे तिसऱ्या आणि चौथ्या खंडांच्या सांध्यावर कळते. तिसरा खंड संपत नाही, तो विझतो. तंतुवाद्ये अतिशय हळू आवाजात एकच स्वरसंगती धरून ठेवतात, टिंपनी तिच्याखाली आरंभीच्या लयीचे ठोके देत राहते, आणि पन्नास बारांच्या या अंधारातून शेवटच्या काही बारांतच आवाज चढत जाऊन सी मेजरमधला चौथा खंड उसळतो. तोवर गप्प असलेली ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्ये येथे प्रथमच बोलतात. १९४७च्या मुद्रणात उंबरठ्यावर लय जवळजवळ थांबते. प्रकाशाचा पहिला स्वर लिहिलेल्यापेक्षा रुंद होतो. उद्ध्वस्त शहरात ही रुंदी कोणाच्या विजयाची होती? प्रेक्षागारातील श्रोते पराभूत होते. सिंफनीने त्यांना विजय दिला, आणि तो कशावरचा विजय आहे हे विचारले नाही. हे वादन थोर आहे यात शंका नाही. पण त्याच्या थोरपणातच सांत्वनाची एक घाई आहे, आणि समीक्षेने ती नजरेआड करू नये.

ही घाई कोठे उघडी पडते हे संहितेनेच दाखवून ठेवले आहे. चौथ्या खंडाच्या मध्यावर, विजयघोष ऐन भरात असताना, तिसऱ्या खंडातील ती कुजबुजती स्वराकृती परत येते. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'हॉवर्ड्‌स एंड' या १९१०च्या कादंबरीतील हेलन या क्षणी सभागृहात पिशाच्चे पुन्हा चालताना पाहते. आणि निवेदकाच्या मते बेथोव्हनवर विश्वास ठेवता येतो तो त्याने ही पिशाच्चे लपवली नाहीत म्हणूनच. इंग्रजी कादंबरीतल्या या दोन-तीन पानांत या सिंफनीविषयी जे कळते ते अनेक परीक्षणांत कळत नाही. फॉर्स्टर यांचे हे वाचन कसोटी म्हणून वापरले तर ध्वनिमुद्रणांचा क्रम काहीसा बदलतो. चौथ्या खंडाच्या पहिल्या भागाची पुनरावृत्ती करावी अशी स्पष्ट खूण संहितेत आहे. फुर्टव्हेंगलर ती गाळतात, त्यांच्या पिढीतले अनेक जण गाळतात; एकदा मिळालेला विजय पुन्हा मिळवायचा कशाला, असे त्यामागचे नाट्यशास्त्र. पण पुनरावृत्ती केली की विजय हे घडलेले तथ्य न राहता पुन्हा पुन्हा सांगावे लागणारे विधान बनते, आणि त्यानंतर परतलेली पिशाच्चे अधिक खरी वाटतात.

कार्लोस क्लायबर, एरिख यांचे चिरंजीव, व्हिएन्ना फिलहार्मनिकबरोबरच्या १९७४च्या मुद्रणात ही पुनरावृत्ती करतात. या ध्वनिमुद्रणाची इतकी स्तुती झाली आहे की तिच्याविषयी संशय घेणे हेच आता समीक्षकाचे कर्तव्य वाटावे. संशय घेऊनही ते टिकते. पहिला खंड सव्वासात ते साडेसात मिनिटांत जातो. फर्माटे लांब आहेत पण त्यांच्यानंतरची शांतता आखूड आहे, त्यामुळे बोधवाक्य आणि खंड यांत भिंत उभी राहत नाही. पुनरावृत्त चौथ्या खंडात दुसऱ्या वेळचा विजयघोष पहिल्यासारखाच, किंचितही न फुगवता वाजतो. फुगवला असता तर तो विश्वास ठरला असता. न फुगवल्यामुळे तो आग्रह वाटतो. नंतर कुजबुज परत येते तेव्हा क्लायबर लय सैल करत नाहीत, वातावरण करत नाहीत. ती नुसती येते, हिशेबातली राहिलेली रक्कम यावी तशी. फॉर्स्टर यांच्या वाचनाला याहून चोख ध्वनिरूप सापडणे कठीण.

आता उरतो मेट्रोनोमचा पक्ष. बेथोव्हनने १८१७ साली आपल्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. पाचवीच्या पहिल्या खंडासाठी तो आकडा मिनिटाला १०८ बार असा पडतो. खंडात ५०२ बार आहेत, त्यांतील पहिल्या १२४ बारांची पुनरावृत्ती. म्हणजे फर्माटे आणि ओबोचा छोटा स्वगतासारखा विसावा सोडल्यास सगळा खंड पावणेसहा मिनिटांच्या थोडासाच पुढे जायला हवा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रॉजर नॉरिंग्टन यांनी लंडन क्लासिकल प्लेअर्सबरोबर, आणि १९९४च्या संचात गार्डिनर यांनी, तत्कालीन बनावटीच्या वाद्यांवर हे आकडे गांभीर्याने घेऊन दाखवले. परिणाम ताजा होता. दीड शतकाची काजळी एका फटकाऱ्यात पुसली गेल्याचा भास झाला, आणि तो भास आहे हे रिचर्ड टारुस्किन यांनी दाखवून दिले. १९९५च्या 'टेक्स्ट अँड अॅक्ट' या संग्रहातील त्यांचा युक्तिवाद असा की, 'ऐतिहासिक' म्हणून सादर होणारे हे वादन वस्तुतः विसाव्या शतकातील आधुनिकतावादी अभिरुचीचेच अपत्य आहे: वेग, कोरडेपणा, वैयक्तिक उद्गाराविषयीचा संशय. त्याला एक अनपेक्षित पुरावा ध्वनिमुद्रणांच्या इतिहासातच मिळतो. शोनबर्गच्या परंपरेतील रूडॉल्फ कोलिश यांनी १९४३ साली बेथोव्हनच्या मेट्रोनोम-आकड्यांचा पुरस्कार केला होता आणि त्याच परंपरेतील रेने लाइबोविट्झ यांनी १९६०च्या आसपास आधुनिक वाद्यांच्या रॉयल फिलहार्मनिककडून हे आकडे वाजवूनही घेतले. जुन्या वाद्यांची त्यासाठी गरज पडली नाही. गरज होती ती बाराखडीसारख्या स्पष्ट, भावुकतेला विटलेल्या कानांची, आणि ते कान व्हिएन्नात १८०८ साली नव्हते, १९२०च्या पुढे तयार झाले.

टारुस्किन यांचे म्हणणे मान्य करूनही त्यांच्या निष्कर्षापाशी थांबता येत नाही. अभिरुची आधुनिक असली तरी तिने शोधलेला पुरावा खोटा ठरत नाही. गाडामर यांनी ज्याला पूर्वग्रह म्हटले तो समजुतीतला अडथळा असतो तसाच तो समजुतीची अटही असतो. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे पाठभेदांच्या प्रश्नाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला येथे तिसऱ्या खंडाचे प्रकरण ओळखीचे वाटेल. या खंडाचा मुख्य भाग आणि त्याचा मधला भाग हे दोन्ही एकदा वाजवून संपवायचे, की सबंध फेरी पुन्हा करून मग विझत जायचे? बेथोव्हनने १८१० साली प्रकाशकाला दोन बार जादा छापले गेल्याचे कळवले होते. छापील प्रतींतली ती चूक १८४६ साली मेंडेल्सोन यांच्या आग्रहामुळे जाहीर झाली आणि सुधारली गेली. पण ते दोन बार चुकीने शिल्लक राहिले ते मुळात रद्द केलेल्या पुनरावृत्तीचे अवशेष म्हणून, की पुनरावृत्ती अभिप्रेतच होती? पीटर ग्यूल्के यांनी १९७७च्या आवृत्तीत ती परत आणली. सर्व संपादकांना ते मान्य झाले नाही. पिएर बूलेझ यांनी १९६८च्या आपल्या मुद्रणात ती आधीच वाजवली होती, तीही या सिंफनीच्या अत्यंत संथ वाचनांपैकी एकात. जो संचालक आधुनिकतावादी म्हणून ओळखला जातो तो वेगवान असेलच असे नाही, हे लक्षात घेतले म्हणजे टारुस्किन यांची सरळ रेषाही थोडी वाकते. पुनरावृत्ती घेतली की विझण्याची वाट अधिक काळ पाहावी लागते, आणि त्या पन्नास बारांचा अंधार अनपेक्षित न राहता अटळ बनतो. कोणता पाठ मूळ हे पाठचिकित्सा कदाचित ठरवील. कोणता पाठ अधिक अर्थपूर्ण हे ती ठरवू शकत नाही.

सर्वांत लहान पुरावा पहिल्या खंडातलाच आहे. दुसरी स्वरकल्पना सुरू होण्यापूर्वी दोन हॉर्न एक ललकारी देतात. पुढे ३०३व्या बारपाशी हीच ललकारी परत येते, पण बेथोव्हनने ती येथे बसूनना दिली आहे. कारण बहुधा व्यावहारिक: ई फ्लॅटमधल्या तत्कालीन साध्या हॉर्नवर हे स्वर नीट निघत नव्हते आणि वादकांना नळी बदलायला सवड नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झडपांचे हॉर्न सर्वत्र आल्यावर संचालकांनी ही ललकारी बिनदिक्कत हॉर्नना परत दिली. बेथोव्हनला जे हवे होते पण मिळत नव्हते ते आपण पुरवले, अशी त्यांची धारणा. हेतूवर इतका निःशंक विश्वास क्वचितच दिसतो. जुनी कित्येक ध्वनिमुद्रणे या दुरुस्तीसह आहेत आणि तेथे ती ललकारी दणदणीत, न्याय्य वाटते. जुन्या वाद्यांच्या मुद्रणांत ती बसूनवर येते: किरटी, काहीशी हास्यास्पद, पहिल्या वेळच्या आत्मविश्वासाची नक्कल करू पाहणाऱ्या माणसाच्या आवाजासारखी. अडचणीतून जन्मलेला हा आवाज एकदा ऐकल्यानंतर निकिश यांच्या काळापासूनच्या मुद्रणांकडे परत गेले तरी कान त्या जागी हॉर्नऐवजी बसूनचीच वाट पाहू लागतो, आणि १९४७च्या त्या थोर वादनातही त्याला तोच अशक्त आवाज हवासा वाटतो.